साहेबांनी दरड पुसली तेव्हा...

खोटं वाटलं तर वाटू दे. मी राजेश्वरी, सोलापूरची. हे माझ्यासोबतच घडलंय, गेल्या मे महिन्यात, भरदुपारी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं ऑफिस. खाली टॉवेलचे माग, वर आम्ही कॉम्प्युटरवर दरडींचे नकाशे करायचो. सोलापुरात डोंगर कुठाय, म्हणून लोक हसायचे. पण काम घाटातल्या गावांचं होतं. सॅटेलाइट फोटोत जुन्या दरडी शोधायच्या, उतार, पाऊस, माती जोडायची आणि धोक्याचा रंग भरायचा. लाल आला की सरकार पावसाआधी माणसं हलवणार; पिवळा म्हणजे धोका कमी, कुणी हलणार नाही.

एका वाडीच्या डोक्यावर मोठा डाग दिसला. मी तिथल्या बिरप्पामामांना फोन लावला.

"दरडच ती," ते म्हणाले. "आज्याच्या वक्ताला चार घरं गेली. माणसं अजून आतच हायत."

वाडी लाल झाली. साहेब भडकले. तिथं कुणाचं तरी रिसॉर्ट होणार होतं ना!

"जुनी खाण आहे ती. वाडी पिवळी कर."

"माणसं राहतात तिथं, साहेब. मी न्हाय करणार."

त्यांनी माऊस ओढला, दरड स्वतःच पुसली आणि जेवायला गेले.

आणि...

खालचे माग गप्प झाले.

वीज गेली म्हणावं, तर पंखा फिरत होता. जिन्यावरून वाकून पाहिलं. माग चालूच होते. आवाज तेवढा येत नव्हता.

मग... पायाखालच्या फरशीतून...

टक्. टक्.

"हितं हाय की आमी..."

बाईचा आवाज. तोंडात माती असल्यासारखा.

अय्यो शिवा! भीती वाटलीच. पण त्याहून जास्त राग आला.

"मला कशाला घाबरवतेस गं?" मी ओरडले. "मी पुसलं का? जा की, त्या वाडीतल्या माणसांना उठव!"

माग पुन्हा खडखडायला लागले.

मी दरड परत आखली. वाडी लाल केली आणि नकाशा थेट जिल्ह्याच्या ऑफिसला पाठवला. नोकरी गेली. जाऊ दे, खड्ड्यात गेली.

दुसऱ्या दिवशी बिरप्पामामांचा फोन.

"ताई, सगळी वाडी खाली उतरली बगा."

"आदेश आला?"

"त्यो कुटला! तुमचीच बाई आली की. दारोदार फिरली, उठा म्हणाली. लई चिखलात माखलेली. पाणी दिलं, प्याली न्हाय. म्हणाली, सोलापूरच्या ताईंनी धाडलंय."

मी कुणालाच धाडलं नव्हतं...

"आता कुठाय ती?"

"खाली न्हाय आली. म्हणाली, माजं घर वरच हाय."

साहेब सगळीकडे सांगतात, डोंगर अजून उभा आहे, पोरगी वेडी आहे. उभा राहू दे की! उद्या पुन्हा तेच करीन.

फक्त, ती बाई कोण होती, हे बिरप्पामामांना अजून सांगितलेलं नाही. जीभच उचलत नाही.