कुलूपवाल्या बाईंचं पान

सकाळची भांडी आवरली की मी संगणक उघडायची आणि माणसं वगळायची. असं म्हटलं की दादा म्हणायचा, "हळू बोल बाई, शेजारचे पोलिसांना बोलावतील!" दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी बिनलग्नाची, तो विधुर. दोघं एका घरात, एकमेकांचं डोकं खात सुखात होतो.

काम मात्र खरंच तसं होतं. इंटरनेटवर तो मुक्त ज्ञानकोश आहे ना, ज्यात कुणीही उठून लिहू शकतं, त्यात मी प्रचालक, म्हणजे नको ती पानं काढून टाकणारी. आणि कुणीही लिहू शकतं म्हटल्यावर लोक काय काय लिहितात! स्वतःच्या सासऱ्याचं चरित्र, गल्लीतल्या जादूगाराचं चरित्र, एकदा तर एका बोक्याचं. मग तपासायचं, की हा माणूस उल्लेखनीय आहे का. नियम सरळ आहे. त्याच्याबद्दल निदान तीनदा, घरच्यांनी नव्हे तर तिऱ्हाइतांनी लिहिलेलं, छापून आलेलं हवं. तुम्हाला काय आठवतं याला शून्य किंमत. सात दिवस चर्चा चालते, लोक 'ठेवा' किंवा 'वगळा' म्हणतात, आणि ज्याचा त्यात काडीचा संबंध नाही असा एक प्रचालक शेवटी निकाल देतो.

त्या आठवड्यात निकाल माझ्याकडे होता आणि पान होतं कुलूपवाल्या बाईंचं.

बाई महिन्यापूर्वी वारल्या होत्या. पान त्यांच्या मुलीने लिहिलं होतं. आत माणसं कामाला असताना कारखान्यांची दारं बाहेरून बंद ठेवायची पद्धत होती, कुणी माल पळवू नये म्हणून. बाईंनी पंधरा वर्षं तेवढी एकच गोष्ट लावून धरली. मालकांच्या शिव्या खाल्ल्या, दोनदा तुरुंगात जाऊन आल्या, आणि एकेका कारखान्याचं कुलूप काढायला लावून ते पिशवीत टाकून घरी नेलं. म्हणून हे नाव. खाली कुणीतरी खवचटपणे लिहिलं होतं, 'स्थानिक कार्यकर्त्या. संदर्भ शून्य. वगळा.' त्यावर मुलीचं उत्तर होतं, 'आईच्या वहीत दोन तारखा आहेत. त्या दिवशी पेपरात आलं होतं. कृपया कुणीतरी बघा. आईचं आता एवढं एकच पान उरलंय.'

पेपर कुठला? तर माझाच! एकतीस वर्षं मी ज्याची पानं लावली तो. अहो, मला राहवेना. निकाल देणाऱ्याने स्वतः संदर्भ शोधत हिंडायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण जित्याची खोड! दादाला म्हटलं, "जेवून घे, माझी वाट बघू नकोस," आणि निघाले.

वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जुन्या अंकांच्या बांधलेल्या फाइली आहेत. तिथली बाई मी चष्मेवाली म्हणून ओळखते. वय अडतीसच्या आसपास, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला आणि तोच ती दिवसभर शोधत असते. दोन्ही तारखांचे अंक आम्ही दोघींनी पानन् पान पाहिले. बाईंचं नाव कुठेच नव्हतं. मी वहीत टिपून घेतलं: 'पहिली तारीख, पान पाच, खाली उजवीकडे, रुग्णालयासमोर पादचारी पूल खुला. बाई नाहीत. दुसरी तारीख, पान तीन, तीच जागा, सज्जातून पडलेली दोन वर्षांची मुलगी गाद्यांवर पडून बचावली. बाई नाहीत.'

ती दुसरी बातमी पाहून चष्मेवाली किंचाळलीच. "अगं बाई, ही मी! खरंच मी! आई सांगायची, खाली गाद्या वाळत घातल्या होत्या म्हणून वाचले. पेपरात आलं होतं हे मला कुठे माहीत!" वाचनालयात किंचाळायला बंदी असल्याची पाटी तिच्याच डोक्यावर होती. आम्ही दोघी खूप हसलो.

मी चर्चेत लिहिलं, 'दोन्ही अंक तपासले. उल्लेख नाही.' चौथ्या दिवशी मुलीने उत्तर दिलं, 'पुन्हा बघा ना, प्लीज.'

पुन्हा गेले. पहिली तारीख काढली. आणि पान पाच, खाली उजवीकडे, दोन कॉलम! फोटोसकट! हातात कापडी पिशवी धरलेली एक किरकोळ बाई, मागे कारखान्याचं फाटक. 'कुलूप काढा, मगच कामाला सुरुवात.' मी टुणकन उडी मारली. त्रेसष्टाव्या वर्षी! "मिळालं, मिळालं!" चष्मेवालीने पाटीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच धावत आली. "मग त्या दिवशी कसं दिसलं नाही आपल्याला?" ती म्हणाली. मी म्हटलं, "डोळे फुटले होते दोघींचे, दुसरं काय!"

उतरताना वही उघडली आणि जिन्यातच थांबले. 'खाली उजवीकडे, पादचारी पूल खुला.' अक्षर माझंच होतं.

घरी जाताना वाट वाकडी करून रुग्णालयावरून गेले. तिथला लोखंडी पूल मी हजार वेळा चढले आहे. त्याच्या बाराव्या पायरीचा पत्रा वाजतो. पूल नव्हता. खांब नव्हते, खुणा नव्हत्या. माणसं जीव मुठीत धरून गाड्यांमधून पळत होती. कोपऱ्यावरच्या फळवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पूल? झाला तर उपकार होतील, मावशी. रोज एकजण तरी पडतो इथे."

दादाला विचारलं तर तो म्हणाला, "कुठला पूल गं? तू जरा झोपत जा."

आता तुम्ही म्हणाल, तिथेच थांबायचं. पण हातात एक पक्का संदर्भ होता! पाचव्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी मी पायरीवर उभी होते. दुसरी तारीख काढली. पान तीन. बाई तिथे होत्या. या वेळी एका मालकाच्या टेबलावर त्यांनी पिशवी उपडी केली होती आणि चाळीसभर कुलपं पसरली होती. काय बातमी होती ती! वाचताना अंगावर काटा आला, आनंदाचा. मी मोठ्याने हाक मारली, "अहो, इकडे या, दुसरं पण मिळालं!"

टेबलामागून एक जाडा गृहस्थ उठला. "हळू, बाई."

"इथल्या मॅडम कुठे आहेत?"

"कुठल्या मॅडम?"

"त्या, चष्मा दोरीला बांधतात..."

"बावीस वर्षं या टेबलावर मीच आहे," तो म्हणाला. मला पाणी हवंय का, असंही त्याने विचारलं. भला माणूस होता.

मी खाली बसले. पान तीन पुन्हा पाहिलं. गाद्यांवर पडलेली मुलगी त्यावर नव्हती.

पान लावणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: पान नेहमी भरलेलं असतं. त्यात आठ कॉलम असतात, नववा कुणाचा बाप काढू शकत नाही. नवी बातमी आत आली की कुठली तरी बाहेर गेलीच. आम्ही बातम्या वाचत नसू, मोजत असू. तितक्याच मापाची काय आहे बघायचं, ती उचलायची, दुसरी चिकटवायची. हे इतकं माझ्या हाडीमाशी भिनलं होतं, की जे समोर दिसत होतं ते मला फक्त मापानेच कळलं. कुलूपवाल्या बाई एकेका पानात शिरत होत्या, आणि त्यांच्या मापाचं काहीतरी जगातून निघून जात होतं.

दोन दिवस मी संगणक उघडला नाही. दादाच्या डोक्याशी कटकट करत बसले. "बरं नाही का गं?" त्याने चारदा विचारलं.

सातव्या दिवशी सकाळी उघडला. मुलीने स्वतः वाचनालयात जाऊन दोन्ही बातम्यांचे फोटो चर्चेत टाकले होते आणि बारा जणांनी 'ठेवा' लिहिलं होतं. 'फक्त एक संदर्भ कमी आहे,' असं त्या खवचट माणसानेही कबूल केलं होतं. आणि मुलीने लिहिलं होतं, 'वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर तिसरी तारीख सापडली! त्या दिवशी पहिल्या पानावर आलं होतं!'

ती तारीख मला तोंडपाठ होती.

त्या तारखेचं पहिलं पान मी लावलं होतं. आदल्या दुपारी सूत कारखान्याला आग लागली होती. आत एकतीस कामगार होते आणि त्यात आमचा दादा. संध्याकाळी तो काळवंडलेल्या तोंडाने, हसत, कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले होते. मग आत जाऊन शेवटच्या कॉलमच्या तळाशी चार ओळी चिकटवल्या: सूत कारखान्याला आग, सर्व एकतीस कामगार सुखरूप.

मी धावतच वाचनालयात गेले. जाड्या गृहस्थाने फाइल आणून दिली. मी तिच्यावर हात ठेवला, पण उघडली नाही. उघडली आणि बाई त्यात असल्या तर?

दादाला फोन लावला. चार वेळा वाजला.

"काय गं? दूध उतू जातंय माझं."

"दादा! आहेस ना?"

"नसून कुठे जातो? काय झालंय तुला?"

"त्या आगीतून तू कसा सुटलास रे?"

"कितीदा सांगू? मागच्या दारानं. धुरात काही दिसेना, चाचपडत हात लावला तर दार उघडंच. आदल्या वर्षापर्यंत हे एवढं कुलूप असायचं त्याला. चल ठेव, गेलं दूध."

मी ऐकत होते का? नाही. मी फक्त त्याचा आवाज ऐकत होते. दादा आहे, दादा घरी आहे, दूध उतू जातंय! तेवढ्यानेच मला नाचावंसं वाटलं.

वाचनालयातल्याच संगणकावर चर्चा उघडली. ज्याचा संबंध आहे त्याने निकाल द्यायचा नसतो. माझ्या सख्ख्या भावाचा प्रश्न होता आणि निकाल मीच देत होते. त्या मुलीचा विचार करून मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. तरी लिहिलं: 'पुरेसे संदर्भ नाहीत. उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. वगळले.'

कळ दाबली. पान गेलं.

"अहो, माझा चष्मा पाहिलात का?"

मी गर्रकन वळले. चष्मेवाली! चष्मा गळ्यात, केस विस्कटलेले, धापा टाकत. "उशीरच झाला आज. त्या पुलावर ही गर्दी!"

पूल! मी तिला मिठीच मारली. ती बिचारी गोंधळून हसली. "अहो, झालं काय?"

"काही नाही. सगळं जागेवर आहे. थांबा, तुम्हाला एक गंमत दाखवते. माझ्या चार ओळी."

मी फाइल ओढली. तारीख काढली. पहिलं पान.

शेवटच्या कॉलमचा तळ. तिथे पाणीकपातीची सूचना होती.

मी वर पाहिलं.

आठही कॉलम. काळी जाड रेघ. अक्षरं इतकी मोठी, की तो ठसा आमच्याकडे वर्षात एकदासुद्धा निघत नसे.

आयुष्यात पहिल्यांदा मी न मोजता बातमी वाचली. 'मागच्या दाराला बाहेरून कुलूप होते.'

चष्मेवाली माझ्या खांद्यावरून बघत होती. "आमच्या शाळेत दरवर्षी त्या दिवशी उभं करायचे सगळ्यांना," ती हळूच म्हणाली. "तुमचं कुणी होतं का हो त्यात?"

खाली नावं होती, तीन कॉलममध्ये, दहा दहाच्या ओळीत. एकतीस तिनात बसत नाहीत. उरलेलं एक नाव मी खाली, मधोमध, एकटंच लावलं होतं. अगदी सरळ.