मिस्त्रीबद्दल मी दिलेली साक्ष

त्याची-माझी पहिली भेट झाली तेव्हा मी शिडीवर होते, आणि मला खाली उतरता येत नव्हतं.

"चढताना कोणाला विचारलं होतं?" खालून आवाज आला.

"कोणालाच नाही! जरा शिडी धरता का?"

"धरलीये. केव्हाची."

बघते तर खरंच... दोन्ही हातांनी शिडी धरून मिस्त्री उभा. कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा, आणि हसू दाबून दाबून फुगलेले गाल.

आमच्या चर्चमधले आम्ही बाराजण आठ दिवसांच्या सेवेसाठी त्या वस्तीत गेलो होतो. तिथल्या छोट्या चर्चचं छप्पर घालायचं होतं. म्हणजे घालायचं त्याने, आणि आम्ही फळ्या द्यायच्या, त्याही बहुतेक उलट्या. तिसऱ्या दिवसापासून त्याने मला ताई म्हणणं सोडलं. बाकीच्या सगळ्या ताई, मी नुसती "अहो". मला काय समजायचं ते समजलं, आणि त्या दिवशी मी ओळीने चार खिळे वाकवले.

सहाव्या दिवशी पाऊस भुरभुरायला लागला. छप्पर अर्धंच झालेलं. त्या अर्ध्याखाली आम्ही दोघं टेकून बसलो, तेव्हा त्याने आपणहून सांगितलं. वडील गेल्यावर दोन वर्षं तो दारू प्यायचा. मग एका सकाळी आईने त्याची सगळी हत्यारं पुसून, ओळीत मांडून ठेवलेली दिसली. ती एक शब्द बोलली नाही. त्याने त्या दिवसापासून सोडली.

"हे मी कोणाला सांगत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे."

"मला माहितीये."

"काय?"

"का सांगताय ते..."

तो कानापर्यंत लाल झाला.

परत आल्यावर तिसऱ्या रविवारी उपासनेत आमच्या साक्षी होत्या, म्हणजे तिकडे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आदल्या दिवशी टीमलीडर म्हणाली, "छप्पर-छप्पर काय सांगतेस? एखादं बदललेलं आयुष्य सांग. लोकांना ते भिडतं." पडद्यावर त्याचा फोटो आला आणि माझ्या जिभेला काही हाड राहिलं नाही. म्हटलं, हा तरुण दारूत बुडाला होता. आमच्या प्रार्थनेमुळे, त्याच आठवड्यात, याने बाटली फेकून दिली! लोकांनी डोळे पुसले. मागून "प्रभूची स्तुती असो!" आलं. मीही रडले, काय सांगू!

तोच आमच्या चर्चचे पाळकसाहेब उठले. "आणि तो भाऊ आज आपल्यात आहे. मी मुद्दाम बोलावलंय!"

शेवटच्या बाकावरून मिस्त्री उठला. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून चापलेले केस. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तो माइकपाशी आला, माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि म्हणाला, "ताई म्हणाल्या ते बरोबर आहे. तुमचे आभार."

मला वाचवायला तो एवढ्या लोकांत खाली मान घालून उभा राहिला. आणि मी परत ताई झाले.

नंतर चहाच्या वेळी जो तो त्याच्या पाठीवर थोपटत होता. एक आजोबा म्हणाले, "आता पुन्हा घसरू नकोस हं, बाळा." तो "हो" म्हणाला. मला बघवेना. कप ठेवून मी माइक उचलला, तर तो बंद. मग ओरडूनच सांगितलं.

"मी खोटं बोलले! यांनी आमच्यामुळे दारू सोडली नाही. चार वर्षं झाली, स्वतःच सोडली. मला विश्वासाने सांगितलं होतं, आणि मी... तुम्ही वाहवा करावी म्हणून... आम्ही तिकडे कोणाला बदललं नाही हो. आम्हाला धड खिळा मारता येत नव्हता, तो यांनी शिकवला!"

टीमलीडरने कपाळाला हात लावला. माझी आई हातातल्या चहाकडे बघत राहिली.

मिस्त्री माझं ऐकून बाहेर पडला होता. मी फाटकापर्यंत धावले.

"साडेतीन," तो न थांबता म्हणाला.

"काय?"

"चार नाही, साडेतीन वर्षं. आत्ताही वाढवूनच सांगितलंत."

मला रडूच फुटलं. खरं बोलायला गेले, तेही मला धड जमलं नव्हतं. "माफी मागायलाही तोंड नाही मला..."

तो थांबला. "आई म्हणाली होती, त्यांच्या घरी जाऊन रीतसर विचारून ये. म्हणून हा शर्ट."

"मग — विचारा ना."

"आज नाही. आज नीट निघायचं नाही तोंडातून."

"तुम्ही मला आवडता," मी म्हणाले. "यात एक अक्षर वाढवलेलं नाही."

तो रस्त्याकडे वळला. मग म्हणाला, "तिकडे या. टीम नको, एकट्या या. इथे काय झालं ते आईला तुम्हीच सांगा. ती हो म्हणाली, तर विचारीन."

"आणि नाही म्हणाली तर...?"

"ते मला माहीत नाही. पण या वेळी मी तुमची बाजू घेणार नाही."

"नका घेऊ," मी म्हणाले. "सकाळी पहिली बस किती वाजता सुटते?"