कृपाबाईची पिन

शिरूरला एस.टी. डेपोच्या मागं माझं रेडिएटर झाळायचं, म्हणजे त्यांची गळती बुजवायचं, दुकान आहे. कामाला हातात धरायचा पितळी ब्लोलॅम्प लागतो. खाली रॉकेलची टाकी, बाजूला पंप, पुढच्या नळीतून जाळ. नळीतल्या निपलचं भोक केसाएवढं. त्यात काजळी बसली की जाळ येत नाही. ते भोक पिन घालून मोकळं करायचं काम माझी बायको कृपाबाई करायची. पिन हरवू नये म्हणून ती बांगडीला अडकवून ठेवायची. मी लॅम्प पुढं धरायचो, ती स्टुलावर बसून टोचायची आणि म्हणायची, "हं, लावा." मग मी काडी ओढायचो.

१९९८च्या उन्हाळ्यात ती काविळीनं गेली. शवपेटीत ठेवताना मुलगी स्वीटी म्हणाली, "पप्पा, बांगड्या राहू द्या." पिनही तशीच राहिली. कबर खणताना काळ्या मातीखाली हळदीसारखा पिवळा मुरूम लागला होता. त्या दिवसातलं मला तेवढंच नीट आठवतं.

तेव्हापासून लॅम्प पेटेना.

मी टाकी धुतली, पंपाचा वायसर बदलला, निपल नवं घातलं. वाफ यायची. काडी जवळ नेली की विझायची. शटर ओढून, पंखा बंद करून पाहिलं. तरी विझायची. फुंकर घातल्यासारखी नाही, कुणी चिमटीत धरल्यासारखी.

कवठ्याचा हरिबा रोज यायचा. "मामा, रेडिएटर झाळता का न्हाई? ट्रॅक्टर दारात उभा हाय. बायकू म्हनती, आता त्याला हळदकुंकू लावा आन् देवळात ठिवा."

शेवटी लॅम्प घेऊन दौंडला गेलो. जावई जॉन्सन रेल्वेत फिटर. त्यानं काडी लावली, लॅम्प पेटला. पहिल्याच काडीला.

"पप्पा, लॅम्पला कळलं, तुम्हाला कळंना," तो हसला. "इकडंच या राहायला."

"तिथं एकटे बसून कुणाशी बोलता?" स्वीटी म्हणाली.

मला शिरूर सोडायचं नव्हतं. कृपाबाई तिथं होती. पण कामाशिवाय तिथं राहणार कसा? शिरूरला पेटला नाही तर दुकान बंद करून येतो, असा शब्द दिला.

शिरूरला पेटला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हत्यारं पोत्यात भरली. हरिबाचा रेडिएटर परत द्यायला बाहेर काढून ठेवला. तो येईपर्यंत लॅम्प शेवटचा हातात घेतला. वाफ धरू दिली. मग सवयीनं नळी स्टुलाकडं धरली आणि मान वळवून काडेपेटी शोधू लागलो.

मागं बांगडी वाजली.

मी वळलो नाही.

हातातला लॅम्प किंचित मागं ढकलला गेला. पिन घालताना ढकलला जायचा तसा.

मी थांबलो. मग काडी ओढली.

निळा जाळ भस्सकन आला. दुकान त्या घरघरीनं भरलं. किती दिवसांनी छाती मोकळी झाली.

"पेटला व्हय!" दारातून हरिबा ओरडला आणि आत येऊन स्टूल ओढू लागला.

"त्यावर नको, हरिबा. इकडं पोत्यावर बस."

संध्याकाळी एस.टी.डी. बूथवरून स्वीटीला फोन केला. येत नाही म्हणालो. त्या रात्री गाढ झोप लागली.

आता पिना विकत घेत नाही. लॅम्प स्टुलाकडं धरतो, थांबतो, काडी लावतो. काम झाल्यावर निपलला लागलेला पिवळा मुरूम तेवढा फडक्यानं पुसून ठेवतो.