राष्ट्रपती पदकवाला मुलगा

आपण चुकीच्या दारातून आत शिरलोय हे हिमानीच्या लक्षात आलं, तेव्हा उशीर झाला होता. अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या त्या हॉटेलात डावीकडच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची संक्रांत, आणि ही बया तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन उजवीकडच्या नाण्यांच्या प्रदर्शनात! दचकून वळली, तर कोपर कुणाच्या तरी खांद्याला लागलं आणि दोन लाडू टेबलावरच्या पदकांवर टणाटण आदळले.

"हे लाडू आहेत की बंदुकीच्या गोळ्या?" शुद्ध मराठीत प्रश्न आला.

हिमानी थक्कच झाली. आजूबाजूला सगळे पिकल्या केसांचे अमेरिकन आजोबा, आणि मध्येच हा तरुण! डोळ्याला लावलेलं भिंग काढायचं विसरला होता, त्यामुळे त्याचा एक डोळा चांगला वाटीएवढा दिसत होता.

"नागपूरचे आहेत," ती फणकारली.

"तरीच! आमच्या पुण्यात पाक इतका कडक करत नाहीत."

"पुण्यात लाडू देतात तरी का कुणाला?"

तो हसला... आणि हिमानी मंडळाची संक्रांत साफ विसरली.

त्याचं नाव केदार. नोकरी नेटवर्किंगची, वेड मात्र अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या पदकांचं. त्यानं दोन पदकं तिच्या तळहातावर ठेवली. दोन्हींवर तोच चेहरा, तीच तारीख.

"ओळख, ऑफिशियल कुठलं?"

"दोन्ही सेमच आहेत की!"

"शपथविधी समितीनं काढलेलं फक्त हे. दुसरं नुसती तारीख टाकून कुणीतरी विकलंय. लोक तारखेला भुलतात, यार. कॅटलॉगमधल्या फोटोशी ताडून बघायचं."

"माणसांचा नसतो ना असा कॅटलॉग?"

"असता तर मी अजून सिंगल राहिलो असतो?"

हे बोलून तो स्वतःच इतका लाजला, की हिमानीला भलतंच आवडलं.

मग भेटी वाढल्या. कधी कॉफी, कधी प्रदर्शन, कधी उगाच लांबचा ड्राइव्ह. एप्रिल उजाडेपर्यंत हिमानी पार बुडाली होती. हे तिनं फोनवर आईला सांगितलं, फक्त केदारला सांगायचं राहिलं. तो नाही म्हणाला तर... मैत्रीही जायची, या भीतीनं तिचा जीव अर्धा होई.

त्या शनिवारी सकाळी पुन्हा एक प्रदर्शन होतं. मोबाइल केदारजवळ ठेवून ती कॉफी आणायला गेली. परत आली तर केदार तिचा वाजलेला फोन कानाला लावून ताठ उभा! पलीकडचा आवाज तिला चार पावलांवरूनही ऐकू आला. तिचे बाबा, पुरुषोत्तमराव, निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"जावईबापू! कपाटभर राष्ट्रपती पदकं म्हणे तुमच्याकडे! कोणत्या शौर्याबद्दल हो?"

हिमानीच्या हातातली कॉफी हिंदकळली. 'प्रेसिडेंटची मेडल्स आहेत त्याच्याकडे' असं ती आईला म्हणाली होती खरी. पण बाबांनी उभी नोकरी राष्ट्रपतींच्या ज्या पोलीस पदकाची वाट पाहिली, तेच ते समजले! आणि जावईबापू? मेलेच मी, तिला वाटलं.

"पुऱ्या कॉलनीला सांगितलं मी! उद्या क्लबात माझा सत्कार ठेवलाय!"

केदारचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तरी नागपुरात पेढे वाटले गेले असते.

"काका... ती पदकं मला मिळालेली नाहीत. मी विकत घेतलीत, छंद म्हणून. शौर्यबिर्य काही नाही. आत्ताही पाय लटपटतायत माझे."

"आँ? विकत?" बाबा गरजले.

"पण ते जावयाचं..." केदार घाईघाईनं म्हणाला. "ते मला आत्ताच कळतंय. ते मात्र खरं असलं, तर मला फार फार आवडेल."

हिमानीनं कॉफीचा कप थेट पदकांवरच ठेवला.

"बापा!" बाबांचा आवाज चक्क मऊ झाला. "सत्काराचं पाहतो मी. पण पदकवाले लई पाहिले. मला पहिल्याच बोलण्यात खरं सांगणारा तू पहिला रे. पोरीला दे फोन."

तिनं फोन घेतला.

"मला पसंत आहे. तुझं काय ते सांग, हो का नाही?"

"बाबा, ठेवते."

"काय?" बाबा ओरडले. त्यांचा फोन आजवर घरात कुणी असा ठेवला नव्हता. हिमानीनं ठेवला.

"अगं, त्यांना उत्तर तरी द्यायचंस..." केदार पुटपुटला.

"आधी मला विचार. बाबांना नाही... मला. माझ्याकडे बघून."

केदारनं बघितलं. "हिमानी, लग्न करशील माझ्याशी?"

"कधीची वाट बघतेय, मूर्खा!" ती म्हणाली, आणि भर हॉलमध्ये रडायलाच लागली.