गाऱ्हाण्याआधीचा कौल

मार्गशीर्षातील ती सकाळ इतकी निरभ्र होती की शोधूनही आकाशात ढगाचा एक पुंजका सापडला नसता. आणि तरीसुद्धा कणकवलीच्या एसटी स्थानकाच्या दारात एक तरुणी काळी छत्री उघडून उभी होती. तोंडवलीच्या सुदेशचे लक्ष मात्र आकाशाकडे नव्हते, आणि छत्रीकडे तर नव्हतेच. सदऱ्याच्या खिशात घडी घालून ठेवलेल्या रक्ततपासणीच्या कागदाने त्याचे सारे लक्ष गिळून टाकलेले होते. त्यामुळे व्हायचे तेच झाले. छत्रीची एक काडी त्याच्या खिशात अडकली, तो आपल्याच नादात पुढे निघाला, आणि छत्रीसह तिची मालकीणही त्याच्यामागून ओढली गेली.

"अहो, छत्री होयी तर मागान घेवा. अशी ओढून कित्या नेतास?"

सुदेश वळला. छत्रीच्या सावलीत एक हसरा चेहरा होता, आणि दोन्ही गालांवर फिकट लाली चढलेली होती. आपल्यामुळे ही लाजली, असे वाटून तो स्वतःच कानापर्यंत तापला.

"पण... पाऊस खंय आसा?" त्याला दुसरे काही सुचलेच नाही.

"येतलो तेव्हा तुमका सांगून येतलो. आधी माझी काडी सोडा."

काडी सोडवताना तिची बोटे त्याच्या खिशापाशी क्षणभर घोटाळली. तिच्या हाताला भाजक्या काजूगराचा मंद वास येत होता. मग छत्री गर्दीत मिसळून गेली, आणि सुदेशला कित्येक दिवसांत प्रथमच आपल्या खिशातल्या कागदाचा विसर पडला. तो विसर दवाखान्याच्या पायरीपर्यंत टिकला.

संधिवाताच्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदाच कणकवलीत येत असत. बाहेरच्या खोलीत बाकांवर माणसे दाटून बसलेली होती. सुदेशने आत पाऊल टाकले, आणि त्याला आधी कोपऱ्यात टेकवलेली काळी छत्री दिसली. मालकीण मागाहून दिसली.

"परत ओढूक इलास?" ती म्हणाली आणि बाकावर थोडी सरकली.

"नाय. ह्या खेपेक माकाच नशिबान ओढून हाडल्यान आसा," सुदेश बसत म्हणाला.

अशा रीतीने ओळख झाली. तिचे नाव संचिता. कणकवलीजवळच्या काजूच्या कारखान्यात ती गरांची प्रतवारी तपासत असे. अख्खा गर कोणता, पाकळी कोणती, तुकडा कोणता, हे तिला नुसत्या स्पर्शाने कळे. सुदेशने आपली कहाणी सांगितली. तोंडवलीच्या किनाऱ्यावरून तो पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेत असे. हंगाम सुरू झाल्यापासून सकाळी त्याची बोटे आखडू लागली. चुलतभावाच्या सल्ल्याने, कोणाही डॉक्टरास न विचारता, त्याने एकदम सगळ्याच मोठ्या तपासण्या करून घेतल्या. आणि त्यांत एका ओळीवर 'एएनए — पॉझिटिव्ह' असे छापून आले. पुढचे सारे मोबाईलने सांगितले. शरीराचे राखणदारच आपल्या घरावर चालून जातात, मूत्रपिंड धरतात, हृदय धरतात... तेव्हापासून त्याला बांगड्याचे तिखलेसुद्धा गोड लागेना. आईने लग्नासाठी मुली पाहणे चालवले होते, तेही त्याने थांबवायला लावले होते.

"कोणाच्या चेडवाक कशाक फसवूचा?" तो खाली मान घालून म्हणाला. "मी आता थोड्याच दिवसांचो."

हे त्याने इतक्या गांभीर्याने म्हटले की संचिताने ओठ दातांत धरला. "दाखवा बघू कागद," ती म्हणाली.

तिने घडी उलगडली, बोटाने ओळ शोधली, आणि तिचे डोळे हसले. "एकास ऐंशी. आणि ह्येच्यासाठी जीव सोडूक निघालास?"

"पॉझिटिव्ह लिवल्यानी आसा मां?"

"घरात सोलकढी करतास? वाटीभर कोकमाच्या आगळात पाणी घातलास, चाखलास, आंबट लागली. परत तितक्याच पाणी घातलास, परत चाखलास. असा करीत करीत एके जाग्यार आंबटपणा लागाचो बंद होता. होय मां?"

"होता."

"रक्ताचाय तसाच करतत. पातळ करीत जातत आणि काचेवरच्या पेशींवर घालतत. आपल्याच पेशींच्या गाभ्याक धरणारा काय रक्तात असला, तर रंग लावून भिंगातून बघल्यार ता हिरव्या उजेडान चमाकता. अंधारात समुद्र पेटता, तसा. तुमचा एकास ऐंशीपर्यंत, म्हणजे ऐंशीपट पातळ केल्यार, चमाकला आणि विझला. इतक्या तर कितीतरी धडधाकट माणसांचा चमाकता."

"मगे माका दुखणा नाय?"

"ता मी कोण सांगणारी? डॉक्टरीणबाई सांगतली." तिने कागद पुन्हा नीट घडी करून त्याच्या हातात दिला. "देवळात कौल लावतत, तेव्हा आधी काय करतत?"

"गाऱ्हाणा घालतत. काय झाला ता सांगतत, काय इचारूचा ता सांगतत. मगे देवाक फुलाची पाकळी लावतत. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार."

"आणि तुम्ही? गाऱ्हाणा घालूच्या आधीच पाकळी लावलास. ती पडली. आता ती खंयच्या प्रश्नाचा उत्तर म्हणान घेतलास?"

सुदेशने कागद खिशात ठेवला. त्याच्या छातीवरून जणू कोणी होडीचा ओला नांगर उचलून घेतला होता. बाजूला बसलेल्या या मुलीच्या आवाजात अशी काही गोडी होती की, आपला क्रमांक लवकर येऊ नये, असे त्याला मनापासून वाटू लागले.

"तुमका इतक्या सगळा कसा म्हायत?"

"माझो कौल जुनो आसा," ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या छत्रीकडे पाहत राहिली. परंतु स्वतःच्या आनंदात बुडालेल्या सुदेशला त्या नजरेचा अर्थ कळला नाही.

"माझी प्रतवारी कसली? अख्खो की तुकडो?" त्याने धीर करून विचारले.

"अजून साल काढूक नाय. भाजून बघूक होयो."

इतक्यात त्याला आत बोलावणे आले. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवून आधी त्याची बोटे हातात घेतली. "सकाळी किती वेळ आखडलेली असतात?"

"चहा होईपर्यंत, मॅडम."

ताप, पुरळ, तोंडातले फोड, केस गळणे, श्वास लागणे, सगळे त्यांनी एकेक करून विचारले, आणि प्रत्येक प्रश्नाला सुदेशचे उत्तर नाही असेच होते. त्यांनी त्याच्या होडीवरच्या कामाची चौकशी केली आणि बाकीचे अहवालही सावकाश पाहिले. "तुम्हाला आता तरी असा आजार दिसत नाही," त्या म्हणाल्या. "हा आकडा लहान आहे, आणि एकट्या आकड्यावरून आजार ठरत नसतो, लक्षणे असतील तर त्याला अर्थ येतो. ओल्या हातांनी नांगराचा दोर ओढून सांध्यांवर ताण आलाय. हातमोजे वापरा. काही नवीन त्रास झाला तर मात्र या."

सुदेश बाहेर आला तो तरंगतच. संचिता तोपर्यंत आत गेली होती. समोरच्या दुकानातून त्याने गुळाचा पाक चढवलेले मालवणी खाजे घेतले, आणि पुडी हातात धरून तो दवाखान्याच्या पायरीशी उभा राहिला. ती बाहेर येताच त्याने पुडी पुढे केली.

"दुखणा नाय. तुम्ही म्हणालास तसाच सांगल्यानी. आणि तुमचो आकडो किती?"

संचिताने छत्री उघडली. "एकास बाराशे ऐंशी," ती शांतपणे म्हणाली. "लक्षणांसकट. ल्युपस म्हणतत ह्येका. कॉलेजात होतंय तेव्हापासून आसा. सकाळी माझ्या गालांवरची लाली बघून तुम्ही खूश झालास मां? ती लाज नाय, ता दुखणा. ऊन लागला की उठता. म्हणान ही छत्री."

सुदेशच्या हातात खाजे होते आणि ओठांवर हसू होते. ती दोन्ही कोठे ठेवावीत हे त्याला कळेना.

ती काही क्षण थांबली. मग अगदी सहज, बाजारात ओळखीच्या माणसाला सांगावे तसे म्हणाली, "तुमची आचऱ्याची गाडी लागली असतली. जावा तुम्ही."

आणि सुदेश... गेला.

त्या रात्री त्याने आई वाढत असलेल्या पेजेला हात लावला नाही. त्याची आई सत्यवती बाजारात मासळी विकत असे, आणि माशाप्रमाणेच माणसाचेही डोळे पाहून तिला सारे कळे.

"दुखणा नाय म्हणतंस, मगे तोंड असा सुक्या बांगड्यासारख्या कित्या?"

सुदेशने छत्रीपासून गाडीपर्यंत सगळे सांगितले. आईने पेजेचे भांडे खाली ठेवले.

"ता दुखणा जाणा नाय?"

"नाय, आये. रोज गोळी घेवक होयी, उन्हापासून जपाक होया. मधी मधी तपासणी."

"गोळी घेता मां ता चेडू?"

"घेता."

"मीय घेतंय साखरेची. तुज्या बापाशीन माका घरातसून काढल्यान काय?" सत्यवती म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने विचारले, "तुका भय कसला आसा ता सांग. तिच्या दुखण्याचा, की तिना नाय म्हणूचा?"

या प्रश्नाने सुदेशचे मन लख्ख झाले. दुसऱ्याच दिवशी त्याने बाजारातून जाड काळे कापड आणले आणि आपल्या होडीवर छत धरले. एवढेच नव्हे, तर दोन्ही बाजूंनी पडदेही सोडले. किनाऱ्यावरचे लोक म्हणू लागले, "सुदेशा, डॉल्फिन दाखवतंस की लपवतंस?" तो नुसता हसत असे, हातमोजे चढवत असे, आणि डॉक्टरीणबाईंच्या पुढच्या फेरीची वाट पाहत असे.

तो दिवस उजाडला. संचिता दवाखान्यात आली तेव्हा सुदेश त्याच बाकावर, थोडी जागा राखून बसलेला होता.

"तुमका परत काय झाला?" तिने उभ्या उभ्याच विचारले.

"काय नाय. गाऱ्हाणा घालूचा ऱ्हवला होता."

"त्या दिवशी गाडी वेळेत गेली मां?" तिचा आवाज हलका होता, परंतु ती अजून बसली नव्हती.

"गाडी गेली. माझा मन पायरीवरच ऱ्हवला." सुदेशने आपल्या बोटांकडे पाहिले. "माझा बरा निघाला म्हणान मी हसत होतंय. मगे तुमचो आकडो ऐकलंय, आणि त्या हसण्याची माका लाज वाटली. तोंडात शब्दच नव्हतो. चुकलंय मी."

संचिता क्षणभर छत्रीच्या मुठीशी चाळा करीत राहिली. "आणि खाजा? ता खंय आसा?"

"खाल्लंय. गाडयेत."

"सगळा?"

"...दुःख झाला होता."

संचिता जी हसली ती बाकावर बसूनच थांबली. तिचे हसणे ओसरेपर्यंत सुदेशने छताची आणि पडद्यांची हकिकत सांगून टाकली, आणि शेवटी म्हणाला, "ऊन उतारल्यार येशात? माझी आवसय येतली होडयेत. तिनाच बोलवल्यान आसा."

"तुमच्या आवशीक सगळा म्हायत आसा?"

"आकड्यासकट."

आत बोलावणे आले तेव्हा जाताना ती छत्री त्याच्या हाती देऊन गेली.

आणि ती तोंडवलीस आली. सूर्य पाण्यात उतरत होता, वाऱ्याला खारट गारवा होता, सुरूच्या बनातून सळसळ ऐकू येत होती. सत्यवती होडीच्या पुढच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून बसली. "मी मागे बघूचंय नाय," तिने आधीच जाहीर केले. "माका समुद्र बघूचो आसा."

"जन्मभर बघलंस मां?" सुदेश म्हणाला.

"मगे आज बघूचो ऱ्हवलेलो बघतंय."

संचिता छताखाली, सुदेशच्या डाव्या अंगाला बसली होती. किनारा दूर राहिला, सुदेशने यंत्र बंद केले, आणि सगळीकडे केवळ पाण्याची चुळबुळ उरली. सूर्य बुडाला. संचिताने अगदी सावकाश छत्री मिटली आणि पायाशी ठेवली. तेव्हा सुदेशने हातमोजे काढले, हात जोडले, आणि घोगऱ्या आवाजात, देवळात घालतात त्याच सुरात गाऱ्हाणे सुरू केले.

"बा दर्याच्या देवा महाराजा..."

"होय महाराजा," पुढून सत्यवतीने साथ दिली. मान मात्र वळवली नाही.

"आज तुज्या ह्या लेकराक एक चेडू आवाडला आसा. तिचो आकडो मोठो, ह्येचो बारको..."

"होय महाराजा."

"तिका ऊन सोसणा नाय, आणि ह्येका तिच्याशिवाय सावली सोसणा नाय. तिचा दुखणा कधी डोक्या वर काढीत, कधी गप ऱ्हवात. तरी ह्यो परत आचऱ्याच्या गाडयेत बसून पळाचो नाय..."

"होय महाराजा. पळालो तर मी आसंय."

सुदेशचा आवाज आता दोराप्रमाणे ताणला गेला होता. "तर ता चेडू ह्येच्या घराक येत काय नाय... ता तिनाच सांगूचा."

संचिता होडीच्या काठावरून वाकली. तिने हात पाण्यात सोडला होता. अंधार दाटत होता, आणि तिच्या बोटांभोवती निळसर हिरवा उजेड फुटत होता. विझत होता, पुन्हा फुटत होता.

"समुद्रय पॉझिटिव्ह आसा," ती हळूच म्हणाली.

"आकडो किती?"

"मोजून संपाचो नाय."

तिच्या गालांवर लाली होती. ती कसली, हे सुदेशने या खेपेस विचारले नाही. मग संचिता उठली. होडी डुलली, तिने तोल सावरायला त्याच्या खांद्याचा आधार घेतला, त्याच्यासमोरून पलीकडे गेली, आणि पदराने ओला हात पुशीत त्याच्या उजव्या अंगाला येऊन बसली.

होडी पुन्हा स्थिर झाली. पुढच्या टोकावरून, मान न वळवता, सत्यवतीने विचारले,

"खंय पडली रे?"

"उजवी, आये."