खांबाआडची बोली

त्या दुपारी साहेब जेवण उरकून, चष्मा पुसत, नेहमीसारखेच लिलावाच्या मंचावर चढले.

माणूस वारल्यावर घरातून निघणाऱ्या जुन्या वस्तू आणि चित्रं विकणारी ही पेढी दोघा भावांची. थोरला चित्रं काढायचा, धाकटा, म्हणजे साहेब, विकायचा. थोरला गेल्या वर्षी वारला. त्याची सगळी चित्रं पेढीच्या गोदामात, म्हणजे कागदोपत्री धाकट्याची, आणि साहेबांचा कागदांवर भारी जीव. वहिनींनी त्यातलं एकच मागितलं होतं. खिडकीशी बसून बूट घालणारी त्यांची मुलगी. ती सातव्या वर्षी तापाने गेली आणि घरात तिचा धड एक फोटोही नव्हता.

"धंद्यात नातं आणू नका, वहिनी," साहेब म्हणाले होते. "लिलावाला या. चारचौघांसारखी बोली लावा."

वहिनी आल्या. दुसऱ्या रांगेत, नंबराची पाटी मांडीवर घेऊन बसल्या.

साहेबांची एक जुनी युक्ती होती. हॉलमध्ये एकच गिऱ्हाईक उरलं की ते शेवटच्या रांगेतल्या, खांबाआडच्या रिकाम्या खुर्चीकडे मान हलवत आणि तिथून बोली आल्यासारखा वाढीव आकडा पुकारत. लोक वळून बघत, पण खांब मध्ये येई. गिऱ्हाईक इरेला पेटे. बावीस वर्षांत कोणाला पत्ता लागला नव्हता.

चित्र आलं. वहिनींनी वीस हजारांना पाटी उचलली. बाकी कोणी हललं नाही. तिथेच हातोडी आपटायला काय जात होतं? पण नाही.

"मागे, पंचवीस," साहेब खांबाकडे बघत म्हणाले.

वहिनींनी तीस केले.

"मागे पस्तीस."

"चाळीस..." वहिनींनी पाटी अर्धीच उचलली.

अजून पाच निघतील, असं साहेबांना वाटलं. सख्ख्या भावाची बायको समोर बसली होती, तरी वाटलं.

"मागे पंचेचाळीस."

वहिनींची पाटी खाली आली. "एवढेच होते हो, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या.

असं फसलं की साहेब माल परत घेतल्याचं जाहीर करून मोकळे होत. तेवढ्यासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या नाकात ओल्या तेलरंगाचा वास शिरला. खांबाआडून एक हात बाहेर आला. हातात पाटी होती.

"पन्नास," तिथून आवाज आला.

पंचेचाळीसची बोली त्याच खुर्चीची होती. स्वतःचीच बोली कोण वाढवतं?

"साठ... सत्तर..."

सगळा हॉल मागे वळून बघत होता. साहेबांना एवढंच कळत होतं, की हे थांबवायला हवं. "एक वार... दोन वार..." तिसरा वार त्यांना स्वतःलाही ऐकू आला नाही. हातोडी पडली. हात खांबाआड गेला.

हॉल रिकामा झाल्यावर साहेब त्या खुर्चीपर्यंत गेले. खुर्चीवर धूळ होती. तिच्यावर कोणी बसल्याची खूण नव्हती.

खाली काउंटरवर कारकूनबाई पावत्या लावत होत्या.

"खांबाआडचे गृहस्थ... गेले?"

"केव्हाच. रोख भरले. चित्र तुमच्या वहिनींना द्या म्हणाले. त्या बिचाऱ्या छातीशी धरून घेऊन गेल्या."

"दिसायला कसे होते?"

बाई विचारात पडल्या. "चेहरा नाही दिसला नीट. खांब मध्ये येत होता."

"इथे? काउंटरपाशी कुठला खांब?"

"तेच ना..." बाई बावचळल्या. "पण येत होता खरा."

साहेब स्टुलावर बसले. त्यांना भावाची आठवण आली, वर्षभरात पहिल्यांदाच, आणि ती आली तीही भीतीने.

"आणखी एक," बाई वही उघडत म्हणाल्या. "तुमच्या घरच्या सामानाच्या लिलावाला मागचीच खुर्ची ठेवा म्हणाले. मला वाटलं, तुम्ही घर बदलताय. तारीखही त्यांनीच सांगितली."

त्यांनी वही साहेबांपुढे सरकवली. साहेबांनी तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"घरातल्या वस्तूंची यादी करायला मला आठ दिवस तरी लागतात, साहेब," बाई कुरकुरल्या. "तेवढेही नाहीत. उद्यापासूनच येऊ का?"