आगाऊ फेडलेला नवस

कोर्रादोचा सगळा जन्म समुद्रकाठच्या सिराकुसा गावची देवळं, किल्ले आणि झरे परक्यांना दाखवण्यात गेला. पण सगळं समुद्रावरून. त्याच्या निळ्या होडीत बसून माणसं ओर्तिजा बेटाला वळसा घालायची, तो वल्हं टेकवून बोट दाखवायचा, माणसं आ वासायची. आत जाऊन स्वतः बघायला त्याला कधी सवड झाली नाही. देऊळ कुठं पळून जातंय, असं तो म्हणे. देऊळ खरंच कुठं गेलं नाही; डोळे गेले. डावा लहानपणीच गळ लागून गेला होता, तिथं काचेचा बसवलेला. उरलेला उजवा गेल्या हिवाळ्यात विझला. जवळच्या कातानिया शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले.

त्याची एकुलती एक मुलगी अल्फिया दूर उत्तरेकडच्या तोरिनोच्या शाळेत गणित शिकवायची. ती नोकरी सोडून घरी परतली, तोवर उशीर झाला होता. बापाने कित्येक वर्षांत तिचा चेहरा पाहिला नव्हता. एकदा जेवताना तो सहज बोलून गेला, "तुझं तोंड आठवायला बसलो की तुझी आईच डोळ्यांपुढे येते बघ." अल्फियाने ताट बाजूला सारलं.

त्याच आठवड्यात या गणिताच्या बाईंनी गुपचूप चांदीचे डोळे विकत घेतले. डोळ्यांची राखणदार संतीण म्हणजे सांता लुचिया, आणि ती तर याच गावची लेक. नवस फळला की तिला चांदीचे डोळे वाहायचे; फळल्यावर, आधी नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. "आणि बाई, डोळे जोडीनेच मिळतात. एक सुटा विकत नाही मी," सराफाने चेष्टा केली. अल्फियाला मात्र धीर नव्हता. ती थेट महामंदिरात, गावच्या मोठ्या चर्चमध्ये, गेली. संतिणीच्या मूर्तीच्या कोनाड्याचं दार मे महिन्यातल्या उत्सवापर्यंत कुलूपबंद होतं. तिने शेजारच्या जाडजूड खांबाच्या भेगेत ते डोळे सारले, "आगाऊच देतेय, बाबांना मी दिसू दे," असं पुटपुटली आणि घरी आली.

तो खांब कुणाचा, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. इथं कुणाच्याच शिवत नाही. ते महामंदिर मुळात जुन्या ग्रीकांच्या अथेना देवीचं देऊळ. पुढे खांबांच्या मधल्या जागा भिंतीनं बुजवल्या आणि वर क्रूस लावला, एवढंच.

मार्चातल्या एका रविवारी ती बापाला हात धरून गावातली सगळी जुनी ठिकाणं फिरवायला निघाली. अपोलोच्या पडक्या देवळाशी त्याने दगड चाचपला. "गार आहे," तो म्हणाला. अरेतुझाच्या झऱ्यापाशी बदकं ओरडली. "ही अजून आहेत होय? लठ्ठ झाली असतील."

"तुमच्याइतकी नाही," अल्फिया म्हणाली. तो खूश झाला.

महामंदिरात तिने त्याचा पंजा त्याच खांबावर टेकवला. त्याने मान वर केली.

"अल्फिया, इथली भिंत पाडली का गं?"

"भिंत आहे, बाबा. समोरच आहे."

"कुठाय? मला तर समुद्र दिसतोय."

दृष्टी गेली की मेंदू आपली चित्रं आपणच रंगवतो, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तिने स्वतःला तेच बजावलं. पण बाबा काठी न टेकता चौकात निघाले. मोकळ्या फरशीवर ते मध्येच थांबत, कुणाला तरी वाट देत, पुन्हा चालू लागत. आणि त्यांचं तोंड थांबेना. खांब उघडे नाहीत पोरी, दुधासारखे पांढरे आहेत. वर निळे-तांबडे पट्टे. छपरावर ही एवढी सोन्याची ढाल, ऊन पडलं की बघवत नाही! "जन्मभर लोकांना मी काय दाखवलं गं? हाडं दाखवली, हाडं!" म्हणत ते रडू लागले. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर तिने आईच्या हयातीतही पाहिला नव्हता. क्षणभर तिला त्यांचा हेवा वाटला.

तिने त्यांचे गाल पुसले आणि हात धरला. तळवा चिकट होता. मधाचा वास आला, आणि धुराचा.

"हे काय खाल्लंत?"

"एक बाई वाटत होती. नाही कसं म्हणायचं?"

तिला खांब आठवला. ती त्यांना घेऊन तडक आत गेली आणि भेगेत बोटं घातली. चांदी तिथंच होती, पण उन्हात ठेवल्यासारखी कोमट.

"काढू नकोस," बाबा मागून म्हणाले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "दिलेलं परत घेतात होय?"

"मी तुम्हाला दिसावी म्हणून दिलं होतं हो! हे दगड दिसावेत म्हणून नाही!"

ते हळूच म्हणाले, "खरंय. तिथं सगळे दिसतात. तू तेवढी दिसत नाहीस." आणि काही वेळाने, "पण पुन्हा अंधारात नको ढकलूस मला, पोरी."

तिने बोटं बाहेर काढली. रिकामी. आपण नाही दिसलो तर नाही, असं तिने मनाशी ठरवलं आणि त्यांना हाताला धरून पायऱ्यांवर आणलं.

बाहेर ऊन लख्ख होतं. तिचा उजवा डोळा चुरचुरला. कचरा गेला असेल म्हणून तिने तो चोळला.

वर काहीतरी सोनेरी चमकलं.

डोळे दोन वाहिले होते. बाबांना एकच हवा होता.

बाबा वळले. त्यांचा विझलेला डोळा हवेत भिरभिरला नाही. नेमका तिच्या तोंडावर येऊन थांबला. त्यांनी हात वर नेला आणि न चाचपता तिच्या कानशिलावरची बट मागे सारली.

"केस पिकले गं तुझे," ते म्हणाले. "कुणी सांगितलंच नाही मला."

अल्फियाला हुंदका फुटला. याच शब्दांसाठी तर तिने सगळं केलं होतं.

मग त्यांनी मान वळवली आणि तिच्या खांद्यावरून चौकाकडे बघत, ओळखीच्यांशी बोलावं तसे हसून म्हणाले, "बघा, आली की नाही? म्हटलं होतं मी, येईल म्हणून."

तिने घाईने उजवा डोळा तळहाताने झाकून मागे पाहिलं. डाव्या डोळ्याला चौक नेहमीचाच दिसला. पिवळसर फरशी, उपाहारगृहाच्या मिटलेल्या छत्र्या, दाणे टिपणारी कबुतरं. माणूस एकही नव्हता.

कबुतरं बाजूला सरू लागली. उडाली नाहीत, पुष्कळ माणसं सावकाश चालत यावीत तशी दोन्हीकडे हटत गेली. चौकाच्या त्या टोकापासून त्या दोघांच्या पायऱ्यांपर्यंत फरशी मोकळी होत आली.